डिपस्टिक कोणी ओढायची?

वर्धा जिल्ह्यात दिवाळी आणि कापसाचा वेचा साधारण एकाच सुमारास येतात. घराघरांत साठलेला कापूस हिंगणघाट, देवळी, सेलू, पुलगाव, आर्वीच्या बाजाराकडे आणि जिनिंगकडे निघतो. सोयाबीनची पोती त्याच दिवसांत हलत असतात. पुढे कारंजा-आष्टीकडचा संत्रा नागपूरच्या कळमना बाजाराचा रस्ता धरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद बाहेर पडते. हा माल गावातून डांबरी सडकेपर्यंत आणि तिथून बाजारापर्यंत नेण्याचे काम आता मोठ्या प्रमाणात पिकअपकडे आले आहे: बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त आणि त्यांच्याहून लहान ‘छोटा हत्ती’. एमएच ३२ पाटीच्या या गाड्यांवर जिल्ह्याचा हंगाम टेकलेला असतो. अशा गाडीचे इंजिन अकाली बसते, तेव्हा पुष्कळदा त्यामागे एक साधे काम राहून गेलेले असते. बॉनेट उघडायचे, डिपस्टिक ओढायची, ऑइल कुठवर आहे ते पाहायचे. याला मेकॅनिक लागत नाही, पैसा लागत नाही, पाच मिनिटांपलीकडे वेळही लागत नाही. तरी ते होत नाही, आणि आळस किंवा अज्ञान म्हणून त्याचा निकाल लावून मोकळे होता येते. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. पिकअप आली तेव्हा हे काम ज्याच्याकडे होते तो माणूस गाडीवरून उतरला, आणि त्याचे काम दुसऱ्या कुणाच्या नावावर चढलेच नाही.

तो माणूस म्हणजे क्लीनर. मोठ्या ट्रकवर ड्रायव्हर आणि क्लीनर अशी जोडी असे. सकाळी गाडी सुरू होण्याआधी टायर ठोकून पाहणे, रेडिएटरमधले पाणी, इंजिनातले ऑइल, काचा आणि दोर ही क्लीनरची कामे. तीच करता करता तो ड्रायव्हर होई. त्या जगाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तुटपुंजी मजुरी, ड्रायव्हरची बोलणी आणि रात्रभर जागरण हाही त्याच शिकवणीचा भाग होता. पण काम वाटून दिलेले होते, आणि ऑइल कमी निघाले तर विचारायचे कुणाला हे माहीत होते. मे २००५ मध्ये टाटांची एस बाजारात आली. ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि तीनचाकी टेम्पोवाल्याच्या आवाक्यात बसेल असा हिशेब. त्यानंतर लहान मालगाडीचा धंदा गावोगाव पसरला, आणि एका माणसाने चालवायची गाडी हेच त्या धंद्याचे गणित होते. मालकच ड्रायव्हर, नाहीतर एकटा पगारी ड्रायव्हर. दुसऱ्या माणसाचा पगार वाचला, पण त्याची कामे कुणी करायची हे कुणी ठरवले नाही. एसटीचे तसे झाले नाही. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, तळेगाव इथल्या आगारांत गाडी परतली की तिला वर्कशॉप आहे, आणि किती किलोमीटरला किती डिझेल व किती ऑइल लागले याचा हिशेब राज्य परिवहन उपक्रमांना ठेवावा लागतो. एका पिकअपच्या मालकाला आगार नाही. मालकाला वाटते ड्रायव्हर पाहत असेल, ड्रायव्हरला वाटते सर्व्हिसिंगमध्ये पाहतात, आणि मेकॅनिकपुढे गाडी येते ती बहुधा आवाज यायला लागल्यावर.

हे काम राहून गेले तर नेमके काय बिघडते, ते समजायला इंजिनाच्या आत पाहावे लागते. १८८३ मध्ये ब्यूशँप टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगला वरून एक छिद्र पाडलेले होते. आस फिरू लागला की त्यातून तेल उसळून वर येई. त्याने छिद्रात बूच बसवले, मग लाकडी खुंटी ठोकली. तेलाने दोन्ही बाहेर ढकलली. फिरणारा आस तेलाला स्वतःखाली ओढून घेतो, त्या पातळ थरात प्रचंड दाब तयार होतो आणि सगळा भार धातूवर नव्हे तर तेलावर तोलला जातो, हे तिथे उघड झाले. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. आजच्या पिकअपचा क्रँक याच तत्त्वावर फिरतो. हा थर काही मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचाही छोटा अंश असतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० वेळा क्रँक त्या थरावरून सरकतो. थर टिकवायचा तर बेअरिंगमधून गळून जाणाऱ्या तेलाच्या जागी पंपाने सतत नवे तेल पुरवले पाहिजे, आणि पंप ते उचलतो खालच्या चेंबरमधून. चेंबरमध्ये तेल कमी असले तर सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. घाटात, जोरात ब्रेक मारल्यावर किंवा लांब वळणावर तेल एका बाजूला सरते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि तेलाबरोबर हवा आत जाते. क्षणभर थर तुटतो, बेअरिंगवर एक ओरखडा उठतो, आणि पुढच्या खेपेला तो खोल होतो.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: ऑइल कमी झाले तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतोच की. दिवा लागतो, पण तो पातळीचा दिवा नाही, दाबाचा आहे. इंजिन गरम असताना नुसत्या आयडलिंगवरही दाब साधारण एका बारच्या आसपास असतो, धावताना तो कितीतरी जास्त असतो. दिव्याचा स्विच मात्र बहुतेक गाड्यांत अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली जोडणी करतो. म्हणजे पंपाला तेल मिळेनासे झाले, थर तुटायला लागला, की मग दिवा पेटणार. ऑइल निम्मे उरले असताना तो गप्पच असू शकतो. बैलगाडीचा आस कोरडा पडला की कुरकुरे, आणि ती कुरकुर अर्धा कोस ऐकू जात असल्याने वंगण घालणे टाळता येत नसे. डिझेल इंजिनाकडे असा आवाज नाही. ते शेवटपर्यंत सुरळीत चालते आणि ठोके ऐकू येऊ लागतात तेव्हा क्रँकचे काम निघालेले असते. काही नव्या गाड्यांत पातळी मोजणारा सेन्सर असतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो जरूर वापरावा. पण जिल्ह्यातल्या जुन्या पिकअपमध्ये डिपस्टिकशिवाय दुसरे काहीही चेंबरमध्ये डोकावत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला ऑइल बदलले की मधे पाहायची गरज काय? हा आक्षेप हिशेबावरच तपासू. समजा, एखादे मध्यमवयीन इंजिन १००० किलोमीटरला ३०० मिलिलिटर ऑइल खाते. हे काही बिघडलेले इंजिन नव्हे. अनेक उत्पादक याहून जास्त खपही चालेल असे धरतात. डिपस्टिकवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत सर्वसाधारणपणे लिटरभर ऑइलचे अंतर असते. म्हणजे वरच्या खुणेपासून निघालेली गाडी सुमारे ३३०० किलोमीटरला खालच्या खुणेवर येईल. सर्व्हिसिंगची मुदत १०,००० किलोमीटरची असेल तर तोवर तीन लिटर गेलेले असेल. शेवटचे सहा हजारांहून जास्त किलोमीटर ती गाडी खुणेच्या खाली धावेल, आणि सर्व्हिसिंग मात्र वेळेवर झाल्याची नोंद पुस्तिकेत राहील. शिवाय किलोमीटर हे इंजिनाच्या श्रमाचे नीट मापच नाही. गावरस्त्यावर, बाजारातल्या रांगेत, दारोदार माल उतरवत ताशी सरासरी २५ किलोमीटरने फिरणारी गाडी १०,००० किलोमीटरसाठी ४०० तास इंजिन चालवते. महामार्गावर ताशी ६० ने जाणारी गाडी तेच अंतर १६७ तासांत कापते. गंमत अशी की हा फरक वर्ध्याच्या शेतकऱ्याला नवा नाही. त्याच्या ट्रॅक्टरला तासांचे मीटर असते आणि ट्रॅक्टरचे ऑइल तो तासांवरच बदलतो. त्याच अंगणात उभी असलेली पिकअप मात्र किलोमीटरवर सोडून दिलेली असते.

वर्ध्याच्या परिस्थितीत हा हिशेब आणखी बिघडतो. काळ्या मातीची धूळ अतिशय बारीक असते, आणि पांदण रस्त्यावर पुढच्या गाडीने उडवलेला धुरळा मागच्या गाडीचा एअर फिल्टर आत ओढत राहतो. फिल्टर फाटका किंवा ढिला असेल तर ती धूळ सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा आणि लायनर घासते. घासलेल्या रिंगांमधून ऑइल वर चढून जळते. कापसाच्या हंगामात तंतू रेडिएटरच्या जाळीवर बसतात आणि इंजिनाची उष्णता बाहेर पडायला अडचण होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की ऑइल आधीच जास्त तापलेले असते. डब्यावरच्या १५डब्ल्यू-४० या आकड्यांपैकी डब्ल्यूचा आकडा थंडीतल्या सुरुवातीसाठी आहे. आपल्याकडे खरा उपयोग शेवटच्या ४० चा, म्हणजे १०० अंशांना ऑइल किती दाट राहते त्याचा. त्यात ११ डिसेंबर २०२२ पासून नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला. येळाकेळी किंवा विरुळच्या इंटरचेंजवरून वर चढलेली भरलेली पिकअप पूर्वी कधी मिळत नसे इतका वेळ एकसारखी जोरात पळते. टर्बो मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात फिरतो आणि त्याला वंगण आणि थंडावा देणारे तेल त्याच चेंबरमधले असते. कमी तेल म्हणजे तेवढेच तेल जास्त वेळा फिरणार, जास्त तापणार, लवकर पातळ होणार. पातळी म्हणजे नुसता साठा नव्हे. इंजिनाची उष्णता वाहून नेण्याची ताकदही तिच्यावरच ठरते.

पातळी पाहायची कशी, यावर अड्ड्याअड्ड्यावर दोन पक्ष असतात. एक म्हणतो सकाळी थंड इंजिनावर पाहा. दुसरा म्हणतो गाडी गरम करून, बंद करून, पाच-दहा मिनिटांनी पाहा. दोघांचेही म्हणणे चूक नाही. थंड इंजिनात रात्रभरात सगळे ऑइल चेंबरमध्ये उतरलेले असते. गरम इंजिनात ते फुगलेले असते पण थोडे वर अडकलेले राहते. ऑइल दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के फुगते. ४० अंशांचे ऑइल ९० अंशांवर गेले तर सहा लिटरमागे साधारण २०० मिलिलिटर फरक पडतो. खुणांमधल्या लिटरभर अंतराचा हा पाचवा हिस्सा झाला. म्हणून आज थंड आणि उद्या गरम असे पाहणाऱ्याला गाडी ऑइल खात नसतानाही खाल्ल्यासारखे वाटेल, किंवा खात असताना कळणार नाही. गाडीच्या पुस्तिकेत जी रीत दिली आहे ती धरावी आणि रोज तीच पाळावी. जागाही तीच असावी, सपाट. मागे भार असलेली पिकअप नाक वर करून उभी राहते, तेव्हा रिकाम्या गाडीवर पाहणे बरे. पट्टी ओढावी, कपड्याने पुसावी, पूर्ण आत घालावी, पुन्हा ओढावी, दोन्ही बाजू पाहाव्यात. पहिल्या ओढीतली खूण नळीला लागलेल्या ऑइलने फसवते. कमी असेल तर पाव-पाव लिटर घालून पुन्हा पाहावे.

‘जास्त घातले तर बरेच’ हा समज मात्र मोडून काढायला हवा. वरच्या खुणेच्या वर ऑइल गेले तर फिरणारा क्रँक त्याला घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळ तेलावर दाबाचा थर उभा राहत नाही. जादा तेल सील फोडून बाहेर येते, ब्रीदरच्या वाटेने हवेच्या नळीत जाते. ते मोठ्या प्रमाणात सिलिंडरमध्ये गेले तर डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत सुटते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. त्यात १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांनी एक नवी गुंतागुंत आणली आहे. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी अनेक इंजिनांत सिलिंडरमध्येच जादा डिझेल फवारले जाते. गाडी छोट्या खेपांची असेल, सफाई अर्धवट राहून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर त्यातले थोडे डिझेल भिंतीवरून चेंबरमध्ये उतरते आणि पातळी वाढते. वाढलेली पातळी पाहून ‘गाडी ऑइल खातच नाही’ असा आनंद मानणारा मालक प्रत्यक्षात पातळ झालेल्या तेलावर गाडी चालवत असतो.

इथेच जाणकारांचा सर्वांत टोकदार आक्षेप उभा राहतो. इंजिन जितके ऑइल खाते तितकेच डिझेल त्यात मिसळत असेल तर पट्टीवर सगळे जागच्या जागी दिसेल. मग त्या पट्टीचा भरवसा काय? आक्षेप खरा आहे, आणि त्यानेच या लेखाचा मुद्दा नेमका होतो. एका दिवसाची पातळी फारच थोडे सांगते. गाडी किती किलोमीटरला किती खाते, कालपर्यंत किती खात होती आणि आज का बदलली, हे कळणे म्हणजे खरी तपासणी. त्यासाठी पातळीबरोबर तारीख, मीटरचा आकडा आणि घातलेले ऑइल लिहावे लागते. महिन्याला पाव लिटर मागणारी गाडी अचानक काहीच मागेनाशी झाली, तर तोच प्रश्न विचारायचा क्षण: वास डिझेलचा येतो का, थेंब पाण्यासारखा पळतो का. रंग दुधाळ झाला असेल तर कूलंट मिसळतो आहे. नुसता काळा असेल तर घाबरू नये, डिझेलचे ऑइल काजळीने लवकर काळे पडतेच. मोठ्या संस्था हे फार पूर्वीपासून करतात. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनाचा ऑइलचा खप जाळलेल्या डिझेलच्या टक्केवारीत मांडतात. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने १९४० च्या दशकात वापरलेल्या ऑइलमधले धातू मोजून इंजिन उघडण्याआधीच झीज ओळखायला सुरुवात केली. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होती. पिकअपवाल्याकडे वही आणि पेन आहे, आणि त्याच्या एका इंजिनापुरते ते पुरते.

मग उरतो माणसांचा आक्षेप, आणि तो यंत्राच्या आक्षेपापेक्षा अवघड आहे. पहाटे चारला माल भरून निघणाऱ्या, खेपेवर पैसे मिळणाऱ्या ड्रायव्हरने हे फुकटचे काम का करावे? ऑइल कमी निघाले तर मालकाकडे पैसे मागायचे, आणि मालकाच्या मनात लगेच शंका, की ऑइल खरोखर गाडीनेच खाल्ले का. ही शंका या धंद्यात खोटी नाही; डिझेलवरून होणारे वाद सगळ्यांना ठाऊक आहेत. पण नोंद नसेल तेव्हाच शंकेला जागा मिळते. रोजची वही ड्रायव्हरच्या बाजूची साक्ष आहे: ऑइल अमुक तारखेपासून कमी होत होते, सांगितले होते, घातले होते. वही नसताना इंजिन बसले की दोष शेवटी स्टिअरिंगवर बसलेल्यावरच येतो. मालकाच्या बाजूनेही हिशेब सोपा आहे. लिटरभर चांगले ऑइल काहीशे रुपयांना येते; क्रँक-बेअरिंगचे काम हजारांत जाते आणि इंजिन पूर्ण बांधायचे झाले तर त्याच्याही पुढे, वर हंगामातल्या खेपा बुडतात आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही. नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते, त्यामुळे हा खर्च दुसरा कुणी उचलत नाही. पाच मिनिटांची मजुरी मालकाने मोजून दिली तरी तो फायद्यातच राहील.

काही जण म्हणतील, हा सगळा खटाटोप आता थोड्या दिवसांचा. टाटांनी मे २०२२ मध्ये एसची विजेवर चालणारी गाडी जाहीर केली; विजेच्या मोटरीला इंजिन ऑइल लागत नाही. हे खरे आहे आणि स्वागतार्हही आहे. पण आज रस्त्यावर असलेल्या डिझेल पिकअप उद्या भंगारात जाणार नाहीत. अशा गाड्या हात बदलत जुन्या होत राहतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेलेली गाडीच सर्वांत जास्त ऑइल खाते. तिचा मालक सर्वांत कमी ऐपतीचा असतो. नव्या तंत्राची वाट पाहायला त्याला सांगणे म्हणजे बसलेल्या इंजिनाचा खर्च त्याच्या गळ्यात मारणे.

तेव्हा उपाय कामाची वाटणी नव्याने करण्यात आहे. पगारी ड्रायव्हर ठेवताना खेपेचा दर ठरतो, डिझेलचा हिशेब ठरतो. त्याच बैठकीत सकाळची तपासणी ड्रायव्हरची, ऑइलचा खर्च मालकाचा आणि वही दोघांची हे ठरले पाहिजे. स्वतः चालवणाऱ्या मालकाने निदान भरलेल्या हंगामात रोज आणि एरवी आठवड्याला तरी पट्टी ओढून आकडा लिहावा, आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्याने रंग आणि टायर पाहण्याआधी ती वही मागावी. शासनाच्या हातातही सोपी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये गाडी चालवण्याच्या परीक्षेत परीक्षक विचारू शकतो, की इंजिन ऑइल पुरेसे आहे हे कसे पाहाल ते सांगा. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, म्हणजे १९८९ पासून, प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात गाडीच्या देखभालीचा भाग आहेच. परीक्षा मात्र मुख्यतः गाडी चालवण्याची असते. वर्ध्याच्या आरटीओत मालवाहू गाडीसाठी आलेल्या प्रत्येक उमेदवाराला बॉनेट उघडून पट्टी वाचायला सांगितली, तर त्याला ना नवे यंत्र लागेल ना नवा निधी. क्लीनरला परत आणता येणार नाही आणि आणूही नये. पण त्याचे काम ड्रायव्हरच्या करारात, मालकाच्या वहीत आणि परवान्याच्या परीक्षेत नावानिशी लिहिले गेले, तर ते कुणाचेच नाही असे म्हणण्याची सोय उरणार नाही.